भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, ग्रंथकार आणि कलावस्तूंचे संग्राहक होते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे मूळपीठाच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय हे ग्रामीण महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे कलासंग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांच्या मूळ तैलचित्रांपासून इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांच्या पाषाणशिल्पापर्यंत अनेक कलाकृती या संग्रहालयात आहेत. सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि प्रजेला स्वराज्य देणारे संस्थानिक म्हणून बाळासाहेब सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांच्या कलासंग्रहाचा, कलाश्रयाचा आणि त्यांनी उभारलेल्या संग्रहालयाचा परामर्श घेतला आहे.

येथे उल्लेखिलेले औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव होय. पुणे शहरातील औंध या भागाशी त्याचा संबंध नाही.

घराण्याची पार्श्वभूमी

'प्रतिनिधी' हे पद छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केले आणि प्रथम ते प्रल्हाद निराजी यांना दिले. पुढे हे पद परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. परशुरामपंत मूळचे सातारा जिल्ह्यातील किन्हई या गावचे कुलकर्णी. मोगलांच्या हाती गेलेले अनेक किल्ले त्यांनी स्वराज्यात परत आणले. यमाई ही या घराण्याची कुलदेवता असून तिचे स्थान औंधच्या डोंगरावर, म्हणजे मूळपीठावर आहे. औंध हे प्रतिनिधींचे मुख्य ठाणे झाल्यावर देवी, राजवाडा आणि गाव यांचा निकटचा संबंध जडला. बाळासाहेबांनी संग्रहालयासाठी याच डोंगराची निवड केली, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

इंग्रजी अमलात औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहान संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंधचा भाग आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळचा भाग आजच्या कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात होता. एकूण ७२ गावांच्या या संस्थानाचे उत्पन्न बडोदे, ग्वाल्हेर किंवा कोल्हापूर यांच्या तुलनेत अगदीच बेताचे होते. आटपाडीचा परिसर तर नेहमीचा दुष्काळी. बाळासाहेबांच्या संग्रहाचा आणि त्यांनी केलेल्या खर्चाचा विचार करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

जन्म, शिक्षण व राज्यप्राप्ती

बाळासाहेब हे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे पुत्र. त्यांचे शालेय शिक्षण औंध व सातारा येथे झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी. ए. ही पदवी संपादन केली. विद्यापीठाची पदवी घेतलेले संस्थानिक त्या काळी विरळाच होते. चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासून होती. संस्कृत वाङ्मय, पुराणे आणि कीर्तनपरंपरा यांचे संस्कारही याच काळात त्यांच्यावर झाले.

थोरल्या शाखेकडे वारसा असल्याने बाळासाहेबांना गादी मिळेल अशी प्रारंभी अपेक्षा नव्हती. १९०१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू परशुरामराव गादीवर आले. १९०५ मध्ये त्यांच्यानंतर पुतणे गोपाळकृष्णराव यांच्याकडे अधिकार गेला. १९०९ मध्ये इंग्रज सरकारने गोपाळकृष्णरावांना पदच्युत केल्यावर संस्थानाची सूत्रे बाळासाहेबांकडे आली. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. आवडीनिवडी पक्क्या झालेल्या वयात राज्यपद मिळाल्यामुळे त्यांच्या कारभारावर आरंभापासूनच त्यांच्या व्यासंगाचा ठसा उमटला.

तत्कालीन कलाव्यवहार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात चित्रकलेचे नवे शिक्षण सुरू झाले होते. मुंबईत १८५७ साली जे. जे. कला विद्यालयाची स्थापना झाली, तर १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी अस्तित्वात आली. शिकून बाहेर पडलेल्या चित्रकाराला मात्र आपली कलाकृती विकण्यासाठी आजच्यासारखी कलादालने उपलब्ध नव्हती. कलावंत आणि ग्राहक यांच्यामध्ये उभा राहणारा व्यावसायिक कलाविक्रेता हा मुंबईतही पुष्कळ उशिरा आला. जहांगीर कलादालन १९५२ साली खुले झाले आणि केकू गांधी यांची केमोल्ड गॅलरी १९६३ साली सुरू झाली.

तोपर्यंत चित्रकाराच्या चरितार्थाचे मार्ग मोजकेच होते. श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगविणे, शाळेत ड्रॉइंग मास्तर होणे, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे किंवा छापखान्यांसाठी चित्रे काढणे ही कामे बहुतेकांच्या वाट्यास येत. पुण्याची चित्रशाळा (स्थापना १८७८) आणि रविवर्म्यांनी मुंबईत १८९४ साली काढलेला छापखाना यांमुळे देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचली. मोठ्या आकाराच्या मूळ चित्रांना मात्र प्रामुख्याने संस्थानिकांचाच आश्रय होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे या आश्रयदात्यांमध्ये अग्रगण्य होत. साधनांच्या दृष्टीने कितीतरी लहान असलेल्या औंधने याच परंपरेत आपले स्थान निर्माण केले. पुढे कलादालने जे काम करू लागली, म्हणजे चित्रांची निवड करणे, ती मांडणे, प्रसिद्ध करणे आणि चित्रकाराला उपजीविकेचे साधन मिळवून देणे, त्यांपैकी बराचसा भाग औंधच्या दरबारात होत असे. संग्रहातील वस्तूंची विक्री करणे हा मात्र त्यामागील हेतू नव्हता.

चित्रकार व ग्रंथकार

बाळासाहेब स्वतः सातत्याने चित्रे काढीत. रामायण, महाभारत आणि शिवचरित्र हे त्यांचे आवडते विषय. १९१६ साली त्यांनी काढलेल्या चित्रांचे 'चित्ररामायण' मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसने रंगीत छपाईत प्रसिद्ध केले. रामकथेतील प्रसंग क्रमाने दाखवून त्यासोबत निवेदन देण्याची त्यातील पद्धत ही कीर्तनकाराच्या आख्यानपद्धतीशी मिळतीजुळती आहे. बाळासाहेब उत्तम कीर्तन करीत आणि त्यासाठी राजवाड्याबाहेरही जात. चित्र व कीर्तन या दोहोंचा उद्देश त्यांच्या दृष्टीने एकच होता : कथेद्वारे लोकशिक्षण.

प्राचीन लेण्यांचा त्यांनी प्रत्यक्ष जाऊन अभ्यास केला. त्या अभ्यासातून वेरूळच्या लेण्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९२९ साली आणि अजिंठ्याविषयीचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रे काळाच्या ओघात झिजत चालल्यामुळे त्यांच्या प्रतिकृती करून ठेवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून होत आले होते. औंधच्या चित्रकारांनीही या कामात भाग घेतला. पुराणकाळातील पात्रे रंगविताना त्यांचा पोशाख व अलंकार प्राचीन शिल्पांशी सुसंगत असावेत, हा विचार बाळासाहेबांच्या पौराणिक चित्रांमागे दिसतो. रविवर्म्यांच्या चित्रांतील पौराणिक स्त्रिया समकालीन लुगड्यात वावरतात. औंधच्या संग्रहात रविवर्म्यांना मानाचे स्थान असूनही बाळासाहेबांनी स्वतःच्या चित्रांत ती वाट पूर्णपणे अनुसरली नाही.

बाळासाहेबांनी आत्मचरित्रही लिहिले आहे. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

महाभारताच्या संशोधित आवृत्तीस साहाय्य

पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. महाभारताच्या भारतभर विखुरलेल्या हस्तलिखितांची तुलना करून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी, असा संकल्प संस्थेने केला. या कामासाठी बाळासाहेबांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. औंधसारख्या लहान संस्थानाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती. आवृत्ती सचित्र असावी, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी स्वतः चित्रेही काढली.

१ एप्रिल १९१९ रोजी रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. १९२५ पासून वि. सी. सुखठणकर यांनी संपादनाची धुरा सांभाळली आणि १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला. संपूर्ण आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली. त्या वेळी बाळासाहेब हयात नव्हते आणि औंध संस्थानही राहिले नव्हते. काम पूर्ण होण्यास किती काळ लागेल याची निश्चिती नसताना त्यासाठी द्रव्य पुरविणे, हे त्यांच्या कलाश्रयाचे व विद्याश्रयाचे एक वैशिष्ट्य मानता येते.

कलावंत, विद्वान व उद्योजक यांना आश्रय

बाळासाहेबांच्या काळात औंध संस्थानात अनेक क्षेत्रांतील गुणी माणसे एकत्र आली. त्यांपैकी काहींचा चित्रकलेशी प्रत्यक्ष संबंध होता.

पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) हे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेले चित्रकार. हैदराबाद व लाहोर येथे चित्रकलेचा व्यवसाय केल्यानंतर ते १९१८ साली औंधास आले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळाच्या द्वारे वेदांचे संशोधन व प्रकाशन केले. सुमारे तीन दशके औंध हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. नंतर ते गुजरातेतील पारडी येथे गेले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर (जन्म १९१५) हे पुढे नामवंत चित्रकार व महाराष्ट्र राज्याचे कलासंचालक झाले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनीही तरुणपणी मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, परंतु दृष्टीतील रंगदोषामुळे त्यांना ते सोडावे लागले. बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या यमाई मंदिराच्या बांधकामाचे काम त्यांना मिळाले. पुढे बाळासाहेबांनी कुंडलजवळची माळरानाची जमीन आणि कर्जाऊ रक्कम त्यांना दिली. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली. आज ही औद्योगिक वसाहत सांगली जिल्ह्यात आहे. याच माळावरून १९२० साली 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते.

संगीताच्या क्षेत्रात ग्वाल्हेर घराण्याचे गायक अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा हे औंधचे दरबारी गायक होते. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी गायक व व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्धी पावले. अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंध येथे १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव आजही आश्विन महिन्यात भरतो.

औंधच्या शाळेचा लाभ संस्थानाबाहेरील विद्यार्थ्यांनाही झाला. साने गुरुजींनी काही काळ औंध येथे शिक्षण घेतले. कवी ग. दि. माडगूळकर हेही औंधच्या शाळेचे विद्यार्थी होते.

श्री भवानी चित्रसंग्रहालय

स्थापना व वास्तू

अनेक वर्षांच्या संग्रहातून जमलेल्या वस्तू राजवाड्यात ठेवण्याऐवजी त्या सर्वांना पाहता याव्यात, या हेतूने बाळासाहेबांनी स्वतंत्र संग्रहालय उभारले. मूळपीठाच्या डोंगराच्या चढावर, यमाईच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर ही वास्तू बांधण्यात आली आणि १९३८ साली संग्रहालय सुरू झाले. जागेची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. देवीच्या दर्शनासाठी डोंगर चढणारा भाविक त्याच वाटेने संग्रहालयापाशी येतो. त्यामुळे चित्रे पाहण्यासाठी मुद्दाम शहरात कधीही न जाणाऱ्या शेतकरी कुटुंबांनाही रविवर्म्यांची मूळ चित्रे पाहता येऊ लागली. चित्रदालनांमध्ये नैसर्गिक प्रकाश यावा, अशी वास्तूची योजना आहे.

संग्रहाचे स्वरूप

संग्रहातील कलाकृतींची विभागणी स्थूलमानाने पुढीलप्रमाणे करता येते.

१. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे. यांत 'सैरंध्री' व 'दमयंती' ही चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहणारी द्रौपदी कीचकाच्या महालाकडे जाण्यास भाग पाडली जाते, तो प्रसंग 'सैरंध्री'च्या विषयाशी निगडित आहे.

२. मुंबईच्या वास्तववादी परंपरेतील चित्रे. म. वि. धुरंधर यांची शिवकालावरील चित्रे या विभागात महत्त्वाची आहेत.

३. भारतीय लघुचित्रे. मोगल, राजपूत व पहाडी अशा विविध शैलींची ही चित्रे आहेत. वास्तववादी तैलचित्रांचा बोलबाला असलेल्या काळात लघुचित्रांचा संग्रह करणे हे संग्राहकाच्या व्यापक दृष्टीचे द्योतक होय.

४. बंगाल शैलीतील चित्रे. मुंबई व कलकत्ता येथील कलाविचारांमध्ये त्या काळी तीव्र मतभेद होते. औंधच्या संग्रहात दोन्ही परंपरांना स्थान मिळाले.

५. युरोपीय चित्रकारांच्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती. मूळ चित्रे पाहण्यासाठी परदेशी जाणे सामान्यांना अशक्य असल्याने या प्रतिकृतींना शैक्षणिक मूल्य होते.

६. शिल्पे व कोरीवकाम. यांत हस्तिदंत, चंदन, पाषाण व धातू यांमधील कामांचा समावेश होतो. हेन्री मूर (१८९८–१९८६) यांचे 'माता आणि मूल' हे पाषाणशिल्प या विभागातील सर्वांत अनपेक्षित कलाकृती ठरते.

७. बाळासाहेबांनी स्वतः काढलेली चित्रे.

८. ग्रंथालय.

हेन्री मूर यांचे शिल्प

मूर यांचे शिल्प औंधमध्ये असणे ही घटना अनेक दृष्टींनी लक्षणीय आहे. विसाव्या शतकातील अग्रगण्य शिल्पकारांमध्ये मूर यांची गणना होते. मात्र त्यांना जागतिक कीर्ती प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर लाभली. औंधच्या उर्वरित संग्रहातील रुची कथात्म व वास्तववादी आहे. त्यात चेहऱ्याचा व अवयवांचा तपशील गौण मानून दगडाच्या घनतेला महत्त्व देणारे हे शिल्प वेगळे उठून दिसते. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. नव्या पिढीच्या या संपर्कातून औंधच्या संग्रहाला आधुनिक पाश्चात्त्य कलेचा स्पर्श झाला.

सूर्यनमस्काराचा प्रसार

बाळासाहेब स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी ते सुरू केले. या विषयावर त्यांनी मराठी व इंग्रजीत लेखन केले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईज मॉर्गन या पत्रकार महिलेने त्यांची मुलाखत घेतली. तिच्याच संपादनाने सूर्यनमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्यामुळे पश्चिमेतही या व्यायामपद्धतीचा परिचय झाला.

स्वराज्याचा प्रयोग

१९३८ साली, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली असता, बाळासाहेबांनी सर्व सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा संकल्प जाहीर केला. अप्पासाहेब पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटनेचा आराखडा तयार केला. जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. अप्पासाहेब पंत हे संस्थानाचे पंतप्रधान झाले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी या प्रयोगाचा इतिहास सांगितला आहे.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतींशिवाय, कुटुंबासह शेती करून राहू देण्याचा हा प्रयोग फ्रीडमन यांच्या प्रेरणेने झाला. सांगली जिल्ह्यातील ही वसाहत व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा ठरली. त्या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकर यांची होती.

संग्रहालय आणि स्वराज्य या दोन्ही गोष्टी १९३८ या एकाच वर्षाशी निगडित आहेत. राज्यसत्तेप्रमाणेच आयुष्यभर जमविलेला संग्रहही खाजगी राहू नये, ही भूमिका दोहोंच्या मुळाशी असल्याचे दिसते.

विलीनीकरण व संग्रहाचे भवितव्य

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील अन्य संस्थानांबरोबर औंधचेही भारतीय संघराज्यात विलीनीकरण झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले.

संस्थाने विलीन झाल्यावर भारतातील अनेक राजघराण्यांसमोर संग्रहांचा प्रश्न उभा राहिला. उत्पन्न आटले, वाड्यांची देखभाल अवघड झाली आणि वारसांमध्ये वाटण्या झाल्या. परिणामी पुष्कळ ठिकाणची चित्रे, शस्त्रे व हस्तलिखिते बाजारात आली आणि विक्रेत्यांमार्फत देशी-परदेशी संग्राहकांकडे गेली. एकदा विखुरलेला संग्रह पुन्हा एकत्र येत नाही, तसेच कोणती वस्तू कोठून आली याची माहितीही बहुधा नष्ट होते. औंधचा संग्रह विलीनीकरणाच्या दहा वर्षे आधीच स्वतंत्र वास्तूत, सार्वजनिक संग्रहालय म्हणून मांडला गेला होता. त्यामुळे तो एकत्र आणि त्याच्या मूळ गावीच टिकून राहण्यास मोठे साहाय्य झाले. सध्या हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रात याच प्रकारचे दुसरे उदाहरण पुण्याचे दिनकर केळकर यांचे होय. त्यांनी जमविलेला संग्रह १९७५ साली शासनास अर्पण केला.

गावात संग्रहालय असण्याचे लाभ आहेत, तशा अडचणीही आहेत. तैलचित्रांना उष्णता, धूळ व पावसाळ्यातील आर्द्रता यांपासून जपावे लागते, त्यासाठी प्रशिक्षित संरक्षकांची गरज असते. मोठ्या शहरांपासून दूर असल्यामुळे अभ्यासकांची ये-जा मर्यादित राहते. दुसरीकडे, हा संग्रह मुंबईस किंवा पुण्यास नेला असता तर ज्या लोकांसाठी तो मांडला गेला, त्यांच्यापासूनच तो दुरावला असता.

मूल्यमापन

चित्रकार म्हणून बाळासाहेबांचे स्थान मर्यादित आहे. त्यांच्या चित्रांत प्रसंगाची स्पष्टता व पात्रांची ओळख यांना प्राधान्य असून रंगरेषेतील स्वतंत्र प्रयोग थोडेच आढळतात. संग्राहक म्हणून त्यांची निवडही बोधप्रधान होती. पुराण, इतिहास व आदर्श चरित्रे यांकडे तिचा स्पष्ट कल होता. युरोपीय चित्रांच्या बाबतीत मूळ कलाकृतींऐवजी प्रतिकृतींवर त्यांनी भर दिला, त्यामुळे बाजारभावाच्या दृष्टीने संग्रहाचा हा भाग गौण ठरतो. परंतु संग्रह कोणासाठी केला, या प्रश्नाच्या संदर्भात या निवडीकडे पाहिले असता तिची सुसंगती ध्यानात येते. शाळकरी मुले, भाविक व खेडूत यांना जगातील उत्तम चित्रे निदान प्रतिकृतिरूपाने दिसावीत, हा त्यामागील हेतू होता.

आश्रयदाता म्हणून त्यांचे कार्य अधिक मोलाचे ठरते. आजच्या सातारा, सांगली व विजापूर या जिल्ह्यांत विभागलेल्या लहानशा संस्थानात चित्रकला, वेदाध्ययन, संगीत, मुद्रण व उद्योग यांना एकाच काळात आधार मिळाला. महाभारताची संशोधित आवृत्ती, किर्लोस्करवाडी, औंधचा संगीत महोत्सव आणि मूळपीठावरील संग्रहालय ही त्यांच्या कार्याची चिरस्थायी फळे होत.

कालपट

१८६८ – जन्म.
१९०९ – औंध संस्थानाची सूत्रे स्वीकारली.
१९१० – कुंडलजवळ किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू.
१९१६ – 'चित्ररामायण' प्रसिद्ध.
१९१८ – पं. सातवळेकर यांचे औंध येथे आगमन.
१९२७ – महाभारताच्या संशोधित आवृत्तीतील आदिपर्वाचा पहिला भाग प्रसिद्ध.
१९२९ – वेरूळच्या लेण्यांवरील ग्रंथ.
१९३२ – अजिंठ्यावरील ग्रंथ.
१९३५ – इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद.
१९३६ – इंग्लंडचा प्रवास.
१९३८ – श्री भवानी चित्रसंग्रहालयाची स्थापना, स्वराज्यदानाची घोषणा.
१९३९ – औंधची राज्यघटना अमलात. स्वतंत्रपूर वसाहतीची स्थापना.
१९४८ – संस्थानाचे विलीनीकरण.
१९५१ – मृत्यू.